हासिएंडा आणि फाझेंदा: गुरांच्या वाडीच्या स्पॅनिश शब्दाचे मूळ गोव्यात बसून कसे शोधावे

गुरांच्या मोठ्या वाडीला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात असे कुणी विचारले, की पटकन ‘हासिएंडा’ हा शब्द तोंडी येतो. उत्तर अगदी चूक नाही, पण पुरे पडत नाही. मेक्सिकोत हा शब्द मोठ्या जमीनदारी वाडीचा आहे आणि त्या वाडीत गुरे असतीलच असे नाही. अर्जेंटिनात तोच शब्द गुरांसाठी वापरतात. माद्रिदच्या वर्तमानपत्रात तो आला तर विषय बहुधा करवसुलीचा असतो. आणि गोव्याच्या जुन्या पोर्तुगीज कागदांत त्याचे सख्खे भावंड ‘फाझेंदा’ पानोपानी भेटते, तिथे गुरांचा काहीएक संबंध नसतो. एका शब्दाला इतके अर्थ कसे फुटले हे कळले, की त्याच्या जातीचे आणखी दहा शब्द आपले आपण उलगडता येतात. भाषांतर करणारे, जुने दस्तऐवज वाचणारे, स्पॅनिश किंवा पोर्तुगीज शिकणारे यांच्यासाठी ती रीत इथे दिली आहे.

आधी नोंद, मग कोश

कोश उघडण्याआधी चार गोष्टी कागदावर घ्या: शब्दाचे मूळ स्पेलिंग, तो कोणत्या देशाच्या मजकुरात आला, मजकूर साधारण कोणत्या सालचा, आणि ज्यात तो आला ते अख्खे वाक्य. देश आणि साल बहुतेकजण सोडून देतात. पुढची निम्मी गफलत तिथेच होते.

आपल्या शब्दाचे स्पेलिंग एच-ए-सी-आय-ई-एन-डी-ए. स्पॅनिशमध्ये एच मुका असतो, म्हणून स्पेनमध्ये उच्चार ‘आथ्येंदा’च्या जवळचा आणि अमेरिकेतल्या स्पॅनिशभाषक देशांत ‘आस्येंदा’. मराठीत रूढ झालेला ‘हासिएंडा’ इंग्रजीमार्गे आला आहे. रूढ शब्द म्हणून तो लिहायला हरकत नाही, पण मूळ शोधताना त्या ‘ह’वर विसंबू नका. तो ‘ह’ एका हरवलेल्या अक्षराची खूण आहे, आणि ते अक्षर कोणते हे गोव्यात शोधणे सर्वांत सोपे.

एच आणि एफ

लॅटिनमधल्या शब्दारंभीच्या ‘फ’चे कास्तिलियन स्पॅनिशमध्ये आधी ‘ह’ झाले आणि मग तोही गळून गेला. लिहिताना 15व्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुधा एफच लिहीत, त्यानंतर एच स्थिरावला. पोर्तुगीजने मात्र ‘फ’ तसाच ठेवला. त्यामुळे एचने सुरू होणारा स्पॅनिश शब्द समोर आला, की एचच्या जागी एफ घालून पोर्तुगीज भावंड सापडते का, ते पाहायचे.

गोव्यात याचे पुरावे रोज कानावर पडतात. पोदेराच्या, म्हणजे पाव भाजणाऱ्याच्या, भट्टीला आपण फोर्न म्हणतो, ते पोर्तुगीज ‘फोर्नो’. स्पॅनिशमध्ये तेच ‘ओर्नो’, लिहिताना एच, बोलताना काही नाही. वाड्यावाड्यांत फर्नांडिस आहेत. स्पॅनिशभाषक देशांत तेच आडनाव एर्नांदेस होते. फुर्तादोचे उर्तादो, फेरेराचे एरेरा. मेक्सिको जिंकणाऱ्या एर्नान कोर्तेसलाही त्याच्या हयातीत एर्नांदो म्हणत तसे फेर्नांदोही म्हणत, कारण नाव एकच. मुलगा हा शब्द पोर्तुगीजमध्ये ‘फिल्यो’, स्पॅनिशमध्ये ‘इखो’. पीठ ‘फारिन्या’ आणि ‘आरिना’. धूर ‘फुमो’ आणि ‘उमो’. करणे ‘फाझेर’ आणि ‘आसेर’. शेवटची जोडी लक्षात ठेवा, पुढे तीच कामाला येते.

हा नियम डोळे झाकून लावला तर फसवतो. तीन ठिकाणी जपायचे.

एक, ‘र’च्या आधी आणि ‘उए’ या जोडस्वराच्या आधी स्पॅनिशनेही ‘फ’ राखला आहे: फळ ‘फ्रूता’, थंड ‘फ्रीओ’, आग ‘फुएगो’, झरा ‘फुएन्ते’. नंतर पुस्तकी वाटेने आलेल्या ‘फामिलिया’, ‘फोर्मा’ अशा शब्दांतही ‘फ’ आहे.

दोन, प्रत्येक एच मागे एफ नसतो. ‘ओम्ब्रे’ म्हणजे माणूस, ‘ओरा’ म्हणजे तास, यांत लॅटिनमध्येच एच होता. ‘उएवो’ म्हणजे अंडे, यातला एच नुसता लिहिण्यापुरता जोडलेला. पोर्तुगीज ‘ओवो’ पाहिले की कळते. ‘एर्मानो’ म्हणजे भाऊ, याच्या मुळाशी लॅटिन ‘गेर्मानुस’ आहे आणि पोर्तुगीज रूप ‘इर्मांव’. इथे एफ घालून बसलात तर हाती काही लागणार नाही.

तीन, काही शब्द लॅटिनचे नव्हेतच. ‘आमाका’ म्हणजे टांगता झोपाळा आणि ‘उराकान’ म्हणजे चक्रीवादळ हे कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेतून आलेले. त्यांना एच लिहिण्याच्या सोयीसाठी मिळाला.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी एफ घालून पाहा, मग पोर्तुगीज कोशात तो शब्द खरोखर आहे का ते तपासा, आणि दोन्हींचे अर्थ जुळतात का ते पाहा. तिन्ही जमले तर वाट बरोबर. आपल्या शब्दाच्या बाबतीत तिन्ही जमतात. स्पॅनिश ‘आसिएंदा’, पोर्तुगीज ‘फाझेंदा’. जुन्या स्पॅनिशमध्येही एफनेच लिहिलेला ‘फासिएंदा’ मिळतो.

शेपटावरून मूळ

आता शब्दाचा शेवट पाहा. ‘-एंदा’, ‘-इएंदा’ या शेपटाचे शब्द वेगळे काढले की एक घराणेच उभे राहते. स्पॅनिश ‘विविएंदा’ म्हणजे राहण्याची जागा. गोव्यात जुन्या घरांच्या फाटकावर संगमरवरी किंवा अझुलेजच्या (रंगवलेल्या चिनीमातीच्या फरशीच्या) पाटीवर ‘विवेंदा’ आणि पुढे कुणाचे तरी नाव लिहिलेले असते, तो हाच शब्द. ‘मेरिएंदा’ आणि ‘मेरेंदा’ म्हणजे मधल्या वेळचे खाणे. ‘लेयेंदा’ आणि ‘लेंदा’ म्हणजे दंतकथा, मुळात ‘वाचायची गोष्ट’. आपण बैठकीत बोलतो तो ‘अजेंडा’ही याच साच्यातला.

हा साचा लॅटिन व्याकरणातला आहे. धातूला तो प्रत्यय लागला की ‘जे करायला हवे ते’ असा अर्थ निघतो. संस्कृत शिकलेल्यांना वेगळे सांगायला नको: ‘करणीय’, ‘कर्तव्य’, ‘पठनीय’ ही रूपे नेमकी याच कामाची. ‘फाकेरे’ म्हणजे करणे, त्यापासून ‘फाकिएंदा’ म्हणजे करणीय गोष्टी, आणि रूप नपुंसकलिंगी अनेकवचनी. पुढे त्या अनेकवचनाच्या शेवटच्या ‘आ’मुळे लोक तो शब्द एकवचनी स्त्रीलिंगी समजून वापरू लागले. म्हणून आज दोन्ही भाषांत तो स्त्रीलिंगी आहे.

थोडक्यात, या शब्दाच्या मुळात गाय नाही, कुरण नाही, जमीनही नाही. मुळात आहे ‘काम’.

पडताळण्यासाठी स्पॅनिशच्या रेआल अकादेमियाचा कोश संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. नोंदीच्या सुरुवातीला कंसात ‘देल लात.’ असे असते, म्हणजे ‘लॅटिनमधून’. त्यापुढे मूळ शब्द. मग क्रमांक घालून अर्थ. प्रत्येक अर्थाआधी बारीक संक्षेप असतात: ‘आर्ख.’ म्हणजे अर्जेंटिनात, ‘वेन.’ म्हणजे व्हेनेझुएलात, ‘देसुस.’ म्हणजे आता वापरात नाही. संक्षेप वगळून पहिला अर्थ उचलणे ही नवशिक्याची ठरलेली चूक. आपण सुरुवातीला देश आणि साल लिहून ठेवले ते या संक्षेपांशी ताडून पाहण्यासाठीच. आपल्याकडचे देशी शब्द पोर्तुगीज लेखनात कसे शिरले हे पाहायचे असेल, तर आसगावात जन्मलेल्या सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांचा 1919 आणि 1921 साली दोन खंडांत निघालेला ग्लोसारियो लुझो-आझियातिको हाताशी ठेवावा.

कामापासून कुरणापर्यंत

अर्थाचा प्रवास टप्प्याटप्प्याने मांडा. उड्या मारल्या की तो पटत नाही. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये शब्दाचा अर्थ काम, व्यवहार, प्रकरण असा होता. व्यवहारातून जे जमते ते धन, म्हणून पुढे माणसाची एकूण मालमत्ता. इथे वाट दुभंगते.

एक फाटा राजाकडे गेला. राजाची मालमत्ता म्हणजे राजकोष. स्पेनमध्ये 1523 साली ‘कोन्सेखो दे आसिएंदा’ म्हणजे कोषमंडळ स्थापन झाले. 1580 पासून 1640 पर्यंत स्पेन आणि पोर्तुगाल एकाच राजाखाली होते, आणि त्याच काळात, 1591 साली, पोर्तुगालमध्ये ‘कोन्सेल्यो दा फाझेंदा’ आले. स्पेनमधल्या अर्थखात्याच्या नावात आजही ‘आसिएंदा’ आहे, ब्राझीलमधल्या अर्थखात्याच्या नावात ‘फाझेंदा’.

दुसरा फाटा जमिनीकडे गेला. अमेरिकेत स्पॅनिश वसाहतीत मालमत्ता म्हणजे मुख्यतः मोठी जमीन आणि तिच्यावरचा उद्योग. म्हणून तिथे आसिएंदा म्हणजे मालकाचा वाडा, प्रार्थनामंदिर, कोठारे, मजुरांच्या खोपटी यांसह अख्खी जमीनदारी. युकातानमध्ये घायपातासारख्या एनेकेनच्या आसिएंदा होत्या, फिलिपिन्समध्ये उसाच्या, आणि मेक्सिकोच्या खाणींजवळ चांदीचा धातू गाळणाऱ्या कारखान्यालाही ‘आसिएंदा दे बेनेफिसियो’ म्हणत. इथे ‘गुरांची वाडी’ हा एकच अर्थ धरून बसलेला भाषांतरकार चांदीच्या भट्टीत गाई बांधतो.

तिसरा फाटा लहान पण महत्त्वाचा. ला प्लाता नदीच्या गवताळ प्रदेशात जमीन अफाट आणि स्वस्त, खरी संपत्ती चरणाऱ्या गुरांची. म्हणून तिथे मालमत्ता या अर्थाचा शब्द गुरांवरच जाऊन बसला. ब्वेनोस आइरेसमधला लिनिएर्स नावाचा प्रसिद्ध गुरांचा बाजार ‘मेर्कादो दे आसिएंदा’ म्हणूनच ओळखला जाई. आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही, ‘पशुधन’ हा शब्द आपल्याकडेही आहे. स्पॅनिशमध्येच दुसरा दाखला पाहा: गुरांना ‘गानादो’ म्हणतात, आणि ते ‘गानार’ म्हणजे कमावणे या क्रियापदाचे रूप. गानादो म्हणजे ‘कमावलेले’. त्यापासून ‘गानादेरिया’, म्हणजे गुरे पाळण्या-पैदाशीचा धंदा. स्पेनमध्ये झुंजीच्या बैलांची पैदास करणाऱ्या वाडीलाही हेच नाव. पोर्तुगीजमध्ये ‘गादो’.

मग गुरांच्या वाडीचा नेमका शब्द कोणता?

हे देशावर ठरते, आणि इथे शॉर्टकट नाही.

अर्जेंटिना आणि उरुग्वे या भागात ‘एस्तान्सिया’. हा शब्द ‘एस्तार’ म्हणजे असणे, थांबणे यावरून. स्पेनमध्ये एस्तान्सिया म्हणजे मुक्काम किंवा घरातली खोली; पोर्तुगालमध्ये ‘एस्तान्सिया तेर्माल’ म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचे आरोग्यस्थान. अमेरिकेत गुरे स्पेनमधून आली, कोलंबसाच्या 1493 च्या दुसऱ्या सफरीपासून. सुरुवातीला चराऊ रान सगळ्यांचे असे, आणि एस्तान्सिया म्हणजे त्या रानात गुराखी व कळप जिथे मुक्कामाला थांबत ती जागा. कालांतराने मुक्कामाच्या जागेवरचा हक्क भोवतालच्या जमिनीवर पसरला आणि शब्द जमिनीचा झाला.

मेक्सिकोत तर तो मोजमापच बनला. ‘एस्तान्सिया दे गानादो मायोर’, म्हणजे गाई-घोड्यांसारख्या मोठ्या जनावरांची एस्तान्सिया, ही 5,000 वारा लांब आणि 5,000 वारा रुंद चौकोनी जमीन (‘वारा’ हे लांबीचे जुने माप). ‘गानादो मेनोर’, म्हणजे शेळ्यामेंढ्यांची, प्रत्येक बाजूला 3,333 वारा आणि वर एक तृतीयांश. मेक्सिकन वारा साधारण 0.838 मीटरचा. म्हणजे मोठी एस्तान्सिया 4,190 मीटर बाजूची, क्षेत्र सुमारे 1,755 हेक्टर. लहान सुमारे 780 हेक्टर. गोवा राज्याचे क्षेत्र 3,702 चौरस किलोमीटर आहे, तेव्हा मोठ्या मापाच्या 211 एस्तान्सिया मांडल्या की पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळी जमीन संपली. वाडी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येते त्याच्याशी हे माप जुळत नाही, म्हणून आकडा दिल्याशिवाय हा शब्द मराठीत नेऊ नये.

इथेच गोव्यात एक ठरावीक घोटाळा होतो. जुन्या पोर्तुगीज कागदांतही ‘वारा’ हे माप येते, पण पोर्तुगीज वारा 1.10 मीटरचा, पाच पाल्मांचा, म्हणजे वितींचा. तो आकडा मेक्सिकोच्या जमिनीला लावला तर 17.5 चौरस किलोमीटरची एस्तान्सिया 30 चौरस किलोमीटरच्या पुढे जाते. उलट, गोव्यातल्या जमिनीला स्पॅनिश वारा लावला तर शेत आक्रसते. मापाचे नाव सारखे दिसले की आधी कागद कोणाच्या राज्यातला ते पाहा.

‘रान्चो’ हा आणखी एक. इंग्रजीतला रँच यातूनच निघाला. मूळ फ्रेंच ‘से रांजे’, म्हणजे ओळीत जागा घेणे. स्पॅनिश सैनिकांच्या बोलीत ते तळ ठोकणे झाले, मग तळावरचे एकत्र जेवण, मग तात्पुरती झोपडी. अमेरिकेत गुराख्यांच्या झोपड्यांवरून तो वाडीवर गेला. मेक्सिकोत रान्चो म्हणजे आसिएंदापेक्षा लहान शेतवाडी, व्हेनेझुएलात डोंगरउतारावरची झोपडपट्टीतली खोली, स्पेनमध्ये सैनिकांचे जेवण. पोर्तुगालमध्ये ‘रान्शो’ म्हणजे लोकनृत्याचा ताफा, त्यामुळे लिस्बनहून आलेल्या कार्यक्रमपत्रिकेत हा शब्द दिसला तर गुरे शोधू नका.

कोलंबिया-व्हेनेझुएलाच्या यानोस मैदानांत गुरांच्या वाडीला ‘आतो’ म्हणतात, लिहिताना एच. एच-एफचा नियम इथे लावून पाहण्यासारखा आहे: पोर्तुगीजमध्ये ‘फातो’, अर्थ कपडे, सूट, आणि शेळ्यांचा कळपही. मुळाशी बहुधा गॉथिक भाषेतला कपडे-सामान या अर्थाचा शब्द असावा असे कोशकार मानतात. गुराख्याचे गाठोडे, मग त्याचा तळ, मग त्याचा कळप, असा तो सरकला. चिलीत ‘फुन्दो’, स्पेनच्या ओकच्या झाडांच्या कुरणांना ‘देएसा’ (लॅटिन ‘देफेन्सा’, राखलेले रान). आपल्या ‘राखीव कुरणा’ची कल्पनाही हीच.

गोव्याच्या कागदांत फाझेंदा

गोव्यातल्या वाचकाला हा शब्द बहुतेकदा इथे लागतो, म्हणून इथे जरा थांबायला हवे. ब्राझीलमध्ये फाझेंदा म्हणजे शेतवाडी, कॉफीची असो वा गुरांची. पोर्तुगीज-इंग्रजी छोट्या कोशात हाच अर्थ ठळक असतो. तो गोव्याच्या कागदावर चिकटवला की अनर्थ होतो. गावकऱ्यांच्या चालीरीतींची नोंद करणारा 1526 चा फोराल ज्याच्या नावाने ओळखला जातो तो आफोन्सो मेशिया ‘वेदोर दा फाझेंदा’ होता. वेदोर म्हणजे देखरेख करणारा अधिकारी, आणि फाझेंदा म्हणजे राजाचा कोष आणि महसूल. त्याला ‘शेतवाडीचा देखरेख्या’ केले, तर गावकारीकडून, म्हणजे गावच्या सामाईक संस्थेकडून, वसूल होणाऱ्या साऱ्याचा सगळा संदर्भच नाहीसा होतो. पणजीत लेखा संचालनालयाच्या पत्त्यात ‘फाझेंदा बिल्डिंग’ आजही लिहितात, तेही याच अर्थाने.

कागद वाचताना शब्दाच्या अलीकडचा शब्द पाहा. ‘वेदोर’, ‘कोन्सेल्यो’, ‘जुन्ता’, ‘इश्क्रिव्हांव’, ‘रेपार्तिसांव’ यांपैकी काही असेल, किंवा पुढे ‘रेआल’, ‘नासियोनाल’, ‘पुब्लिका’ असेल, तर अर्थ कोष किंवा महसूल खाते. साधारणपणे 1910 पूर्वीच्या, राजेशाहीच्या कागदांत ‘रेआल’ दिसेल. खटल्यात एका बाजूला ‘फाझेंदा नासियोनाल’ असेल तर तो पक्षकार म्हणजे सरकार.

अलीकडे ‘सुआ’ म्हणजे ‘त्याची, तिची’ असेल, विशेषतः मृत्युपत्रात, तर अर्थ त्या माणसाची मालमत्ता. तीत जमीन असेल, दागिने असतील, येणे असेल; नुसती जमीन धरू नका.

शब्द अनेकवचनी ‘फाझेंदाश’ असेल आणि कागद जकातीचा किंवा जहाजाच्या मालाचा असेल, तर अर्थ व्यापारी माल, आणि बऱ्याचदा कापड. ‘फाझेंदाश द आल्गोदांव’ म्हणजे सुती कापड. पोर्तुगालमध्ये आजही फाझेंदा म्हणजे सुटाचे लोकरी कापड. कापडाचे ठाण शेतवाडी म्हणून मोजले तर हिशेबाचा ताळमेळ कधीच बसणार नाही, आणि चूक आकड्यात आहे असे वाटत राहील.

हस्तलिखितात शब्द ओळखणे हे आणखी वेगळे काम. तो क्वचितच पूर्ण लिहिलेला असतो. नेहमीचे रूप ‘फाझ’ आणि त्यापुढे ओळीच्या वर उचलून लिहिलेली बारीक ‘दा’ ही अक्षरे. सुरुवातीला कधी दोन एफ असतात; ती जुन्या लेखनिकांची मोठे अक्षर दाखवण्याची पद्धत, वेगळा शब्द नव्हे. झेडला खाली लांब शेपूट असते आणि तो 3 या आकड्यासारखा दिसतो. ‘न’ऐवजी वर नुसती रेघ ओढलेली असते, किंवा ‘म’ लिहिलेला असतो. जुन्या लेखनातला लांब एस एफसारखा दिसतो, म्हणून पहिले अक्षर खरोखर एफ आहे का हे त्याच लेखनिकाच्या हातच्या दुसऱ्या शब्दाशी ताडून घ्या: ‘फिल्यो’ किंवा ‘फेइतो’ त्या पानावर हमखास असतो. मोठ्या अक्षरावरून खाते की मालमत्ता हे ठरवू नका, तेव्हाचे लेखनिक मोठी अक्षरे मन मानेल तशी घालत.

मग जमीन कोणत्या शब्दांनी येते? माडाच्या भाटाला ‘पाल्मार’, भातशेताला ‘वार्झिया’, डोंगराळ जमिनीला ‘औतेइरो’, नोंदणीच्या पुस्तकांत एकूण स्थावराला ‘प्रेदियो’. शेतवाडीचा शोध घ्यायचा असेल तर या शब्दांवर बोट ठेवत पान वाचा.

आणखी एक सापळा कानाचा आहे. ‘फाझेंदा’ आणि ‘खजिना’ यांचा नाद जुळतो, अर्थही जुळतो, म्हणून दोन्ही एकाच मुळाचे असावेत असे वाटते. तसे नाही. खजिना अरबी मुळाचा, फाझेंदा लॅटिन ‘करणे’ या धातूचा. आपल्या खाजन शेतीशीही त्याचे नाते नाही. नाद आणि अर्थ दोन्ही जुळले तरी मधली रूपे दाखवता आली पाहिजेत. ‘फाकिएंदा – फासिएंदा – आसिएंदा’ अशी साखळी जिथे मांडता येत नाही तिथे नाते मानू नये.

मराठीत काय लिहावे

मेक्सिको किंवा पेरूच्या इतिहासातला मजकूर असेल, तर मूळ शब्द ठेवून पहिल्या वेळी चार शब्दांत खुलासा द्यावा: ‘आसिएंदा, म्हणजे वाडा, कोठारे आणि बांधलेले मजूर यांसह मोठी जमीनदारी’. गोव्यातल्या वाचकासाठी ‘भाट’ आणि ‘भाटकार’ हे शब्द वापरण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. मुंडकार भाटकाराच्या जमिनीत घर करून राहतो आणि त्याच्या घराचे संरक्षण 1975 च्या मुंडकार कायद्याने झाले. आसिएंदातला मजूर मुख्यतः मालकाच्या कर्जाने बांधलेला असे, आणि ती व्यवस्था मेक्सिकोत 1917 च्या संविधानाच्या 27व्या कलमाने व पुढच्या जमीनवाटपाने, तर पेरूत 1969 च्या जमीन सुधारणेने मोडली. दोन्हींत अन्याय होता, पण बांधणारी दोरी वेगळी होती, आणि भाषांतरात ती दिसली पाहिजे.

एस्तान्सियासाठी ‘गुरांचे मोठे कुरण’ किंवा ‘चराऊ जमीनदारी’ चालते, जोडीला हेक्टर द्यावेत. ‘गोठा’ कुठेच वापरू नये. गोठा छपराखाली असतो आणि तिथे गुरांना दावे असते. इथे गुरे बारा महिने उघड्यावर. रान्चो लहान असेल तर ‘शेतवाडी’ पुरते. गोव्याच्या कागदातल्या फाझेंदासाठी काळ पाहून ‘राजकोष’, ‘महसूल खाते’ किंवा ‘सरकार’.

आजच्या बातम्या वाचताना एक व्याकरणाची खूण उपयोगी पडते. स्पेनच्या मजकुरात शब्द मोठ्या अक्षराने आणि आधी ‘ला’ हे उपपद नसताना आला तर तो करखात्याचा: ‘आसिएंदा सोमोस तोदोस’, म्हणजे ‘आसिएंदा म्हणजे आपण सगळेच’, ही तिथली कर भरण्याची जुनी घोषणा. लहान अक्षर आणि आधी ‘ला’ असेल, तर ती जमीनदारी असण्याची शक्यता मोठी. अर्जेंटिनाच्या बाजारभावाच्या बातमीत जवळपास आकडा आणि ‘काबेसास’ म्हणजे ‘डोकी’ हा शब्द असेल, तर ती गुरेच.